अटक झाली तर कागद मागा



वटारमध्ये येऊन अमेरिकेच्या कोर्टांविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा मला गंमत वाटली. पण त्यात तथ्य आहे. ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे तिथल्या पोलिसांचं वाक्य तुम्ही वेब सिरीजमध्ये शंभरदा ऐकलंय. आपल्या संविधानाचं कलम 22 किती जणांनी वाचलंय?

ते वाक्य 1966 सालचं. अर्नेस्टो मिरांडा हा अ‍ॅरिझोनातला गरीब, फारसा न शिकलेला माणूस. पोलिसांनी दोन तास चौकशी करून कबुलीजबाब लिहून घेतला. वकील मागता येतो हे सांगितलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली बाद केली. मिरांडा मात्र सुटला नाही. कबुलीशिवाय पुन्हा खटला चालला आणि पुन्हा शिक्षा झाली. तो गुन्हेगार होता, तरी त्याच्यामुळे हक्क सगळ्यांना मिळाला.

आपला कायदा इथे अमेरिकेहून कडक आहे. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालतच नाही. अपवाद मोक्कासारख्या कायद्यांचा. 2006 साली आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्या खटल्यात मोक्काखालच्या कबुल्यांचा मोठा आधार घेतला गेला आणि 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशीची. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कबुल्या अविश्वसनीय ठरवून सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल दाखला म्हणून वापरण्यास तिथे स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही. आणि ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली, त्यांना खरा गुन्हेगार अजून कळलेला नाही. खोट्या कबुलीने त्यांचंही नुकसानच होतं.

आता पालघरकडे येऊ. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या हिंदू मैत्रिणीने ‘लाइक’ केलं. दोघींना अटक! त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर नेलं आणि पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. हे वाचून दिल्लीतली श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द झालं. तरीही फोनवर काहीही फॉरवर्ड करायला मोकळे झालात असं समजू नका. इतर कलमं शाबूत आहेत.

कलम 22 सांगतं: अटकेचं कारण कळवा, वकिलाला भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या. 6 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं. कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. अटकेच्या वेळी देता आली नाहीत तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी हवीत. नाहीतर अटक बेकायदा. हा निकाल वरळीच्या मोटार अपघात प्रकरणात आला, आणि आरोपी श्रीमंत घरातला होता. असू दे. मिरांडासारखंच आहे, हक्क आता नालासोपाऱ्याच्या रिक्षावाल्यालाही मिळाला.

म्हणून रात्री अकराला भावाला उचलल्याचा फोन आला, तर चौकीत गर्दी जमवून आवाज चढवू नका. कोणत्या कलमाखाली, किती वाजता अटक केली, ते विचारा. कारणांचा कागद मागा, तोही मराठीत. कोऱ्या कागदावर त्याने सही करू नये हे त्याला बजावा. मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर त्याने स्वतः सांगायचं, घाबरून ‘काही तक्रार नाही’ म्हणायचं नाही. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. वसईच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.