बाबा झोपलेत, पीसी चालू आहे

आमचं घर वन रूम किचन. बाबा नाइट शिफ्ट करून सकाळी झोपतात, आणि माझा जुना पीसी गेम लावला की मिक्सरसारखा ओरडायचा. म्हणून यावेळी, एडिटिंगचे साठवलेले पैसे घालताना, आधी आवाज बघितला. लिक्विड कूलर नको, त्याचा पंप सतत गुणगुणतो. नॉक्टुआचा एनएच-डी15 घेतला. नुसता ठोकळा! केसमध्ये मावतो का, रॅमला अडतो का, मोजूनच घ्या. पंखे 140 मिलिमीटरचे, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो. वेग 20 टक्के उतरवला की आवाज साधारण 5 डेसिबल पडतो. शेवटी 320 वॉटच्या आरटीएक्स 4080 ची पॉवर लिमिट खाली आणली. फ्रेम्स थोड्याच गेल्या.

परवा गेम चालू असतानाच हेडफोन काढले, तर बाबांचं घोरणं ऐकू आलं.