घरचे स्वस्त जेवण आणि अंगणातली हंडी
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त माकुणसार येथे केलेले भाषण)

अध्यक्षीणबाई, मंडळाच्या भगिनींनो, आणि आज पाठीमागच्या बाकांवर येऊन बसलेल्या बंधूंनो,

चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘कुटुंबासाठी घरचे स्वस्त, सोपे आणि पोटभर जेवण’. विषय ऐकून वाटले, हे आपण माकुणसारच्या बायकांना काय सांगणार? ज्यांच्या सासूने मूठभर सुकटीवर दहा माणसांची पंगत उठवली, त्यांना काटकसर शिकविणे म्हणजे मासळीला पोहणे शिकविण्यासारखे आहे. तेव्हा मी पाककृतींची यादी वाचणार नाही. विषयातले दोन शब्द मात्र उचलून पाहावेत असे वाटते. स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त? आणि सोपे म्हणजे कोणाला सोपे?

घरचे जेवण स्वस्त का पडते, याचा हिशेब करावयास बसलो तर आपण तांदूळ लिहितो, डाळ लिहितो, तेल लिहितो, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला ते लिहितो. एक रकाना नेहमी कोरा राहतो. निवडणे, धुणे, वाटणे, शिजविणे, वाढणे आणि भांडी घासणे, याचे मोल शून्य धरलेले असते. म्हणून बेरीज लहान येते. 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. म्हणजे बाईचे पाच तास, आणि पुरुषाचा दीड तासाहून थोडा अधिक. शिवाय ही सरासरी काम करणाऱ्या पुरुषांचीच. जे कशालाच हात लावीत नाहीत ते तिच्यात धरलेले नाहीत, हे बाकांवरच्या बंधूंनी ध्यानात घ्यावे.

हे मोल जेव्हा कोणी मोजले, तेव्हा काय झाले तेही आपल्याच मुंबईत पाहावयास मिळाले आहे. गिरणगावात कामगारांना डबे आणि खानावळी चालविणाऱ्या हजारो बायका होत्या. त्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तोपर्यंत त्या बायका स्वतःला ‘घरीच असते’ असे म्हणत. पोळी-भाजीचा हिशेब मांडल्यावर दिसले, की त्या धंदा करीत आहेत, आणि बँकेने त्यांना कर्ज द्यावे अशा योग्यतेच्या आहेत. पोळी तीच, हात तेच. कोरा रकाना तेवढा भरला गेला.

आता आपल्या गावाकडे येते. आपल्यापैकी कित्येकजणी केळवे रोडला किंवा सफाळ्याला पहाटेची गाडी धरतात. कोणी बोईसरच्या कारखान्यात जाते, कोणी भाजीची पाटी घेऊन विरारच्या पुढे जाते, कोणी वाडीतच दिवसभर वाकलेली असते. संध्याकाळी घरी आल्यावर दमलेल्या माणसाला जे अन्न धीर देते, ते अन्न कोणते? मला विचाराल तर पेज. जुन्या तांदळाची, कण्या फुटलेली, वर मिठाचा खडा आणि बाजूला भाजलेला सुका बोंबील. तिला ना फोडणी लागते, ना वाटण. आजाऱ्याला चालते, पोराला चालते, म्हाताऱ्याला दात नसले तरी चालते. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी तिच्याच पंक्तीतली. तांदूळ आणि डाळ एकत्र आली म्हणजे एकीतली उणीव दुसरी भरून काढते, हे आहारशास्त्रही सांगते.

परंतु ज्याला आपण ‘साधे’ म्हणतो ते सगळे सोपे असतेच असे नाही. वालाचे बिरडे घ्या. घरात म्हणतात, ‘आज काही नको, साधे बिरडे-भात कर.’ वाल आदल्या दिवशी भिजत घालावयाचे, उपसून फडक्यात बांधून ठेवावयाचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावयाचा. दीड-दोन दिवसांचे काम होते, तेव्हा पाऊण तासाची आमटी होते. तांदळाची भाकरीही तशीच. उकड काढावयाची, ती गरम असताना मळावयाची, आणि बाकीचे जेवत असताना चुलीपाशी उभे राहून एकेक भाजून वाढावयाची. ही भाकरी स्वस्त खरी, पण करणारीला ती कधी गरम मिळत नाही. बिरडे सोडा असे मी म्हणत नाही. वाल सोलावयास घरातली चार माणसे बसली तर ते वीस मिनिटांचे काम आहे. एकटी बसली तर दूरदर्शनवरची मालिका संपते तरी तिची ताटली भरत नाही.

याच्या उलट एक जेवण आपल्या भागात आहे, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तोच आहे : उकडहंडी. रायगडकडे हिलाच पोपटी म्हणतात. तिकडे डहाणू ओलांडून वलसाडच्या बाजूला गेले की उंबाडियू म्हणतात, आणि थंडीत हमरस्त्याच्या कडेला ते तोलून विकतात. न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर असेच जेवण शिजवितात. चूल घराबाहेर नेण्याची हौस सगळ्या जगाला आहे. अलीकडे शहरातले लोक लोखंडी जाळ्या विकत आणून गच्चीवर कोंबडी भाजतात आणि त्याचे फोटो काढतात. आपल्याकडे जाळीही लागत नाही.

हंडीचा हंगाम भात कापून झाल्यावरचा. भातकापणीनंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल येतो, त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. म्हणून पौष-माघात वालपापडी गावात भरपूर असते. आठ-दहा माणसांना दोन किलो कोवळी पापडी, अर्धा अर्धा किलो कांद, रताळी आणि लहान बटाटे, चार-सहा छोटी वांगी, एवढे पुरते. ओली हळद, आले, हिरवी मिरची, लसणीची पात आणि कोथिंबीर यांचे वाटण करावे, त्यात ओवा आणि जाडे मीठ घालावे. वांग्या-बटाट्यांना चिरा देऊन त्यांत वाटण भरावे, उरलेले पापडीला चोळावे. पापडी मोडावयाची नाही, फक्त शिरा काढावयाच्या. मडके वापरातले, तडा नसलेले आणि बिनरंगाचे घ्यावे. बाजारात हल्ली शोभेची रंगविलेली मडकी मिळतात, ती मुळीच घेऊ नयेत.

तळाशी पाला, मग पापडी आणि कंद यांचे थर, तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबावयाचा. रायगडात यासाठी भांबुर्डीचा पाला वापरतात, त्याचा उग्र वास सगळ्या हंडीला लागतो. तो न मिळाला तर केळीच्या पानावर काम भागते, आणि केळीला आपल्याकडे तोटा नाही. मग मडके जमिनीवर पालथे घालावयाचे आणि भोवती व वर जाळ करावयाचा. पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. पापडीतले आणि कंदांतले पाणीच वाफ होते. मडक्याचे तोंड खाली असल्यामुळे वर चढणाऱ्या वाफेला वाट नसते, ती आतच फिरते. आच सगळ्या अंगांनी लागते, त्यामुळे ढवळावेही लागत नाही. अर्ध्या-पाऊण तासात वास सुटतो. मडक्यावर पाणी शिंपडून ते लगेच चुर्र होऊन उडाले, की जाणते लोक निखारे बाजूला सारतात.

खर्च पाहा. जळण म्हणजे वाडीत पडलेल्या झावळ्या, करवंट्या, सोडणे. तेल लागतच नाही. ताटाऐवजी केळीचे पान, म्हणजे घासावयाची भांडीही नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे काम वाटले जाते. पापडीच्या शिरा मुले काढतात, झावळ्या ओढून आणणे व जाळ सांभाळणे हे पुरुषांना आवडते, म्हातारी माणसे खाटेवर बसून ‘अजून थांबा, अजून थांबा’ म्हणतात. हंडी फुटली, म्हणजे पान उघडले, की सगळे एकाच वेळी जेवतात. कोणी उभे राहून वाढीत नाही. वर्षभरातल्या जेवणांत घरच्या बाईला पहिल्या पंगतीत, गरम अन्न, बसून मिळण्याचे प्रसंग मोजून पाहा. बोटे उरतील.

म्हणूनच मला एका गोष्टीची चिंता वाटते. हंडी आता सहलीची वस्तू होत चालली आहे. सुट्टीला केळव्याच्या समुद्रावर पाहुणे येतात, त्यांच्यासाठी हंडी लागते. ते बरेच आहे, त्यात आपल्या काही भगिनींना दोन पैसे मिळतात, आणि ते त्यांनी जरूर, मोल लावून मिळवावेत. पण ज्या घरात पाहुण्यांसाठी चार हंड्या लागतात, त्याच घरातली माणसे रात्री बाहेरून मागविलेल्या पुड्या सोडून जेवतात असे होऊ लागले आहे. दोष कोणा एकीला देण्यासारखा नाही. दमलेली बाई पुडी सोडते, कारण दुसरा सोपा मार्ग तिला कोणी ठेवलेला नसतो.

मासळीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून या गावात भाषण पुरे होत नाही. हंडीचे निखारे वाया घालवू नयेत. मांदेली स्वच्छ करून हळद-मीठ-मिरची लावावी, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवावी. पान करपले की मासळी झाली. सुका बोंबील तर दोन मिनिटांत भाजतो; तो चेचून कांदा, मिरची आणि लिंबू घातले की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मे महिन्यात भरून ठेवलेले सुके हेच आपले भाजणे. पापलेट मात्र निखाऱ्यावर न आलेले बरे. 2023 साली त्याला राज्यमासा ठरविले, आणि तळहाताएवढी पिल्ले ‘स्वस्त मिळाली’ म्हणून घेण्याची आपली सवय सुटली पाहिजे. ते स्वस्त उद्याच्या सातपाटीला महाग पडते.

शाकाहारी शेजारी असतील तर अंडी आणि कोंबडी यांचे मडके वेगळे करावे. कोंबडीचे तुकडे लहान ठेवावेत, आणि मसाला लावून दुपारभर उन्हात ठेवू नयेत. हाडाजवळ लाल दिसले तर ते पुन्हा शिजवावे, संकोच करू नये. जाळावर रॉकेल ओतू नये, प्लॅस्टिक टाकू नये. पेंढ्याच्या उडव्यापासून लांब, आणि संध्याकाळचा समुद्रावरचा वारा पडल्यावर जाळ करावा. पाण्याची बादली भरलेली असावी. निखारे ऊब म्हणून शेगडीत घालून बंद खोलीत नेणे तर अगदी वर्ज्य; त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस जागा होत नाही.

आता माझी सूचना. वाल संपेपर्यंत, म्हणजे साधारण माघअखेरपर्यंत, आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येक आळीने हंडीची ठरवावी. वाटण बायकांनी करावे, कारण ते त्यांच्या हातचेच चांगले होते असे मला सांगण्यात येते. ही स्तुती आहे की सोय, याचा निर्णय आपण करा. बाकी सगळे, बाजारहाट, जळण, जाळ, राख उचलणे, घरातल्या पुरुषांकडे आणि मोठ्या मुलांकडे असावे. ज्या भगिनी एकट्या आहेत, किंवा ज्यांचे अंगण नाही, त्यांनी आपापली पापडी घेऊन शेजारच्या हंडीत घालावी. मंडळाने आपल्या निधीतून चार मडकी आणि एक लोखंडी सांडशी घ्यावी, असा ठराव मी आज मांडते. मडकी कार्यालयाच्या पडवीत राहतील. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि दुसऱ्या दिवशी परत करावीत. फुटल्यास नवे आणून द्यावे.

ठरावाला अनुमोदन कोण देते ते चिटणीसबाईंनी पाहावे. पहिल्या शनिवारी जळण आणण्यासाठी नावे हवी आहेत, आणि ती पाठीमागच्या बाकांवरून यावीत अशी माझी विनंती आहे.