नोकरी देणारास विचारावयाचे प्रश्न

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं तरुणांशीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी उपदेशक नव्हे. सॉफ्टवेअर लिहिणें हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय आहे. आपल्या वाडवडिलांनीं शेतीवाडी केली. आज त्यांचीं नातवंडें सकाळच्या गाडीनें संगणकाच्या कचेऱ्यांत जातात. मुलाखतीची तयारी तीं कसून करतात. परंतु शेवटीं समोरचे गृहस्थ विचारतात, “तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय?” तेव्हां बहुतेक सर्वजण मान हालवून ‘नाहीं’ म्हणतात. हें ‘नाहीं’ फार महाग पडतें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

कोणी म्हणेल, नोकरी मागावयास गेलेल्यानें प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे काय? बंधूंनो, आपला प्रभु बारा वर्षांचा असतां मंदिरांत गुरुजनांमध्यें बसला होता. तो त्यांचें ऐकत होता व त्यांना प्रश्नहि विचारीत होता. पुढें त्यानेंच शिकविलें कीं, बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा. नम्रतेनें विचारलेला प्रश्न हा गर्व नव्हे, तो विवेक आहे.

मी स्वतः गप्प राहिलों त्याची हकीकत सांगतों. शिक्षण संपवून मी एका लहानशा कंपनींत लागलों. तेथें प्रोग्राम जपून ठेवण्याची धड रीत नव्हती. सर्वजण एकाच सामायिक फोल्डरमध्यें फाइली टाकीत, व ज्याची फाइल शेवटीं पडे तीच राही. एका शनिवारीं रात्रीं मीं माझी जुनी फाइल नव्या फाइलीवर चढविली, आणि एका सोबत्यानें आठवडाभर खपून केलेली दुरुस्ती पुसली गेली. सोमवारीं गिऱ्हाइकांचीं बिलें चुकलीं. कोणीं काय बदललें याची नोंद कोठेंच नसल्यामुळें साहेबांनीं त्या सोबत्यालाच दोषी धरलें. खरें काय तें मला ठाऊक होतें. मी बोललों नाहीं. त्याची नोकरी गेली. पुढें पापनिवेदनांत मीं तें सांगितलें, त्याच्या घरीं जाऊनहि सांगितलें. त्यानें क्षमा केली. परंतु त्याचें बेकारींत गेलेलें वर्ष मला परत देतां आलें नाहीं.

माझें पाप मी कंपनीच्या माथीं मारीत नाहीं. तथापि जेथें कामाची रीत वाईट, तेथें प्रामाणिकपणाची कसोटी रोज लागते, व मनुष्य दुर्बळ आहे. म्हणून ज्या घरांत आपण दिवसाचे नऊ-दहा तास घालविणार, तें घर कसें आहे हें आधीं विचारणें हा केवळ पगाराचा प्रश्न नव्हे; तो सदसद्विवेकाचाहि प्रश्न आहे.

आतां काय विचारावें? पहिला प्रश्न कामाच्या रीतीचा. कोड कोठें ठेवतां, व प्रत्येक बदलाची नोंद कशी राहते? यासाठीं गिट नांवाचें साधन लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं तयार केलें. तें फुकट मिळतें. तेव्हां आज ज्याच्याकडे अशी नोंद नाहीं त्याला खर्चाची सबब सांगतां येणार नाहीं. जोएल स्पोल्स्की या अमेरिकन लेखकानें ऑगस्ट २००० मध्यें असे बारा प्रश्न प्रसिद्ध केले होते. सगळा प्रोग्राम एका पायरींत बांधतां येतो काय, चुकांची यादी ठेवतां काय, तपासणारीं माणसें निराळीं आहेत काय, काम करावयास शांत जागा आहे काय, असे ते साधे प्रश्न आहेत. त्यांतील कांहीं आज जुने झाले, पण बहुतेक अजून उपयोगी पडतात. मात्र ‘होय’ म्हणावयास कोणालाच कष्ट पडत नाहींत. यास्तव असें विचारावें: “गेल्या आठवड्यांत केलेला एखादा बदल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोंचला, तें सांगाल काय?” ही हकीकत ज्याला सहज सांगतां येते, त्याच्या घरीं रीत आहे असें समजावें.

दुसरा प्रश्न चुकीचा. “मागें मोठा बिघाड झाला तेव्हां आपण काय केलें?” उत्तराचा आरंभ ‘अमक्यानें घोटाळा केला’ असा, व शेवट ‘त्याला काढला’ असा असेल, तर सावध व्हावें. रीतींत कोणती सुधारणा केली हें जर तो सांगेल, तर तेथें मनुष्याला खरें बोलण्याची सोय आहे. मला हाच प्रश्न विचारावयास हवा होता.

तिसरा प्रश्न वेळेचा. रात्रीं किंवा सुटीच्या दिवशीं यंत्रणा बंद पडली तर कोण उठतो? ही ऑन-कॉलची पाळी किती जणांत फिरते? दोघांत असेल तर एक आठवडा सोडून पाळी येईल. आठांत असेल तर दोन महिन्यांनीं. रविवारची मिस्सा व घरची माणसें यांचा हिशेब या एका आंकड्यांत आहे. पोप लिओ तेरावे यांनीं १५ मे १८९१ रोजीं ‘रेरूम नोव्हारूम’ हें परिपत्रक काढून कामगाराचें न्याय्य वेतन व रविवारची विश्रांति यांचा कैवार घेतला. मे २०२५ मध्यें निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनीं आपलें नांव मुख्यतः त्यांच्या स्मरणार्थ घेतलें, व कृत्रिम बुद्धिमत्तेमुळें मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढें नवे प्रश्न उभे राहिल्याचें सांगितलें. तेव्हां हेंहि विचारावें: यंत्रानें लिहिलेला कोड कोण वाचून तपासतो, व तो चुकल्यास जबाबदार कोण?

चौथा प्रश्न पैशाचा. ‘सीटीसी सहा लाख’ म्हणजे महिना पन्नास हजार हातांत, असें समजूं नये. त्या आंकड्यांत मालकाच्या वांट्याचा भविष्यनिर्वाह निधि, कायमच्या नोकराला सहसा पांच वर्षें भरल्याशिवाय न मिळणारी ग्रॅच्युइटी, व मिळेल न मिळेल असें ‘व्हेरिएबल’, हें सर्व मिळविलेलें असूं शकतें. निश्चित पगार किती, बाँड आहे काय, सोडतांना नोटीस किती दिवसांची, हें विचारावें. नव्वद दिवसांची नोटीस अनेक कंपन्यांत असते, आणि दुसरा मालक तितके दिवस थांबेलच असें नाहीं. नेमणुकीचें पत्र हातीं येऊन तें वाचून होईपर्यंत पहिली नोकरी सोडूं नये.

पांचवा प्रश्न असा: आपल्या कंपनीला पैसा कोठून येतो? ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेनें कायद्यानें बंदी घातली, व त्या धंद्यांतील अनेकांना दुसरें काम शोधावें लागलें. ज्या प्रोग्रामनें गरिबाचें घर बुडतें तो आपल्या हातून लिहिला जावा काय, हें कायदा होण्यापूर्वींच ज्यानें त्यानें स्वतःला विचारावयाचें असतें.

कोणी तरुण म्हणेल, “घरीं कर्ज आहे, बहिणीचें शिक्षण आहे, मला निवड कोठें आहे?” त्याला मी दोष देणार नाहीं. गरजेपोटीं कठोर अटी पत्करणें ही एक प्रकारची बळजबरीच होय, असें लिओ तेरावे यांनींहि मानलें आहे. अशानें नोकरी अवश्य घ्यावी. पण प्रश्न विचारून, डोळे उघडे ठेवून घ्यावी. अंधारांत पत्करलेलें ओझें व पाहून उचललेलें ओझें यांत फार अंतर आहे.

आणि तुमच्यापैकीं जे उद्यां मेजाच्या पलीकडच्या बाजूस बसतील, त्यांना एक विनंति. समोरचा मुलगा ‘नाहीं’ म्हणाला, तर घाईनें उठूं नका. “विचार बाळ, संकोच करूं नकोस,” असें म्हणा. माझ्या त्या सोबत्याच्या ऋणाची थोडीशी फेड तेवढ्यानें होईल.

प्रभु आपणां सर्वांच्या श्रमांना आशीर्वाद देवो.