परिपत्रक दवाखान्याला, बिल आपल्याला

(युवा मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नावर बोलायचं म्हटलं की आपण १९५६ पासून सुरुवात करतो. आज मी २०२० पासून करणार आहे, आणि तीही एका दवाखान्याच्या बिलापासून.

कोरोनाची पहिली लाट होती. आमच्या गल्लीतल्या एका काकांना रात्री दम लागला. घरच्यांनी ओळखीची गाडी काढून थेट खाजगी दवाखाना गाठला. काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. काका सात दिवस ऑक्सिजनवर होते. ते वाचले, पण काकूंचं सोनं गहाण पडलं. त्याच काउंटरशेजारी भिंतीवर दरांचा एक कागद लावलेला होता, कन्नड आणि इंग्रजीत. मुलगा सात दिवस त्या कागदासमोर बसून होता. त्या कागदाचा आपल्या बिलाशी काय संबंध, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

त्यामागचा आदेश मी नंतर पॉलिटिकल सायन्सच्या अभ्यासासाठी वाचला. कर्नाटक सरकारचा, २३ जून २०२० चा. त्यात लिहिलं होतं की खाजगी दवाखान्यांनी ५० टक्के खाटा सरकारी आरोग्य यंत्रणेनं पाठवलेल्या कोविड रुग्णांसाठी ठेवायच्या. अशा रुग्णाचा खर्च सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट, म्हणजे आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना चालवणारी संस्था, दवाखान्याला देणार. दर दिवसाला ठरलेले होते: साधा वॉर्ड ५,२०० रुपये, ऑक्सिजनचा एचडीयू वॉर्ड ७,०००, आयसीयू ८,५००, व्हेंटिलेटरसह १०,०००.

आणि जो रुग्ण स्वतःहून थेट दाखल झाला, त्याच्यासाठी वेगळी कमाल मर्यादा: १०,०००, १२,०००, १५,००० आणि २५,०००. हे पैसे त्यानं स्वतः भरायचे.

आता हिशोब करा. एचडीयूत सात दिवस म्हणजे स्वतःच्या खिशातून ८४ हजारांपर्यंत. तोच रुग्ण सरकारी यंत्रणेमार्फत आला, तर खाटेचे पैसे ट्रस्टकडून. आजार तोच, खाट तीच, डॉक्टर तेच. फरक काय, तर तुम्ही कोणत्या दारातून आलात. आणि दारं दोन आहेत हेच आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

चिठ्ठी असती तर काकांचं बिल शून्य झालंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. त्या दिवसांत सिव्हिलमध्ये काय गर्दी होती ते आपण पाहिलंय. दवाखानेही गोंधळलेले होते, नवनवे आदेश येत होते. पण "सरकारी कोट्यातली खाट आहे का?" एवढा एक प्रश्न तरी मुलगा विचारू शकला असता. तो प्रश्न विचारायला आधी माहिती लागते, आणि माहिती आपल्या भाषेत लागते.

कुणी म्हणेल, मग कोल्हापूरला जायचं. महाराष्ट्रानं २३ मे २०२० च्या शासन निर्णयानं महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली, पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनासुद्धा. निर्णय चांगलाच होता. पण "राज्यातले रहिवासी" या दोन शब्दांत निपाणीचा माणूस बसतो का? त्याच्या हातात कार्ड कर्नाटकाचं. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ही योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला. म्हणजे एका राज्याच्या कागदात आपण बसत नाही, दुसऱ्या राज्याचा कागद आपल्याला वाचता येत नाही. सीमाप्रश्न म्हणजे फक्त नकाशावरची रेघ नव्हे, तर हे.

खटला सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण परिपत्रक मराठीत मिळावं यासाठी निकालाची वाट बघायची गरज नाही. १९५६ मध्येच केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणांची योजना मांडली. ज्या भागात अल्पसंख्याक भाषकांची लोकसंख्या १५ टक्के किंवा जास्त आहे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे. आपण या मुद्द्यावर पाट्यांसाठी, बसच्या फलकांसाठी लढलो. बरोबरच केलं. पण पाटी नसली तरी माणूस विचारत विचारत घरी पोचतो. दवाखान्याच्या दाराशी विचारायला तेवढा वेळ नसतो.

आणि एक स्पष्ट सांगतो. कन्नड नको, असं मी म्हणत नाही. कन्नडसोबत मराठी द्या, एवढंच म्हणतोय. काकांवर उपचार करणाऱ्या नर्सताई कन्नडच बोलायच्या, आणि त्यांनी काकांची सेवा घरच्यासारखी केली. तक्रार त्यांच्याशी नाही, कार्यालयाशी आहे.

मग आपण काय करायचं? तीन कामं.

पहिलं, आपापल्या घरातली रेशन कार्डं आणि आयुष्मान कार्डं आजच बघा. नाव चुकलंय का, कार्ड काढलंय का, ते आजारपणाच्या आधी कळायला हवं.

दुसरं, कुणालाही दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दाखल करतानाच आरोग्यमित्राला गाठा. योजना लागू आहे का, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते का, हे डिपॉझिट भरायच्या आधी विचारा. तातडीचा रुग्ण असेल तर एकानं रुग्णाजवळ थांबायचं, दुसऱ्यानं काउंटरवर.

तिसरं, अर्ज लिहा. घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. म्हणून मराठीतच लिहा: "आरोग्य योजनेची परिपत्रकं आमच्या तालुक्यात मराठीतूनही लावावीत." जिल्हाधिकाऱ्यांना द्या, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. तोंडी मागणी दुसऱ्या दिवशी हवेत विरते, पोच फायलीत राहते.

आणि सरकार देईपर्यंत आपण हातावर हात धरून बसायचं नाही. आपल्यात कन्नड येणारी पोरं-पोरी भरपूर आहेत. नवा आदेश आला की दोन-तीन जणांनी बसून त्याचं साध्या मराठीत एक पान करायचं आणि गावच्या ग्रुपवर टाकायचं. मूळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख मात्र वर लिहायची, म्हणजे काउंटरवर कुणी "असं काही नाही" म्हटलं तर दाखवता येईल.

काकूंचं सोनं दोन वर्षांनी सुटलं. पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण ती आली की परिपत्रकं पुन्हा निघणार. तेव्हा तरी आपल्या गल्लीतल्या पोराला भिंतीवरचा कागद वाचता आला पाहिजे.

जय महाराष्ट्र.