पाचवीच्या उंबरठ्यावरची निवड

(सुपा, ता. पारनेर येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. येथील पिढ्यांनी आभाळाकडे डोळे लावून शेती केली आणि पावसाने पाठ फिरवली तेव्हा मुलांच्या शिक्षणावर भिस्त ठेवली. आज सुप्यात औद्योगिक वसाहत उभी आहे, पुण्याचा रस्ता दारावरून जातो. तरी ती भिस्त कमी झालेली नाही. मूल पाचवीत गेले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते : नवोदयच्या परीक्षेला बसवायचे, सैनिक शाळेची तयारी करून घ्यायची, की गावातल्याच शाळेत ठेवायचे?

हा प्रश्न प्रतिष्ठेचा नसून तारतम्याचा आहे. प्रत्येक वाट काय देते आणि त्या बदल्यात काय मागते, हे आधी पाहिले पाहिजे.

ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलाला, घरची परिस्थिती कशीही असो, उत्तम शिक्षण मिळावे हा नवोदय विद्यालयांचा मूळ हेतू. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोन विद्यालये सुरू झाली. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना देशभर नेली. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय तर याच तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला आहे. सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या आणि एक तृतीयांश मुलींच्या. परीक्षा दोन तासांची, १०० गुणांची आणि मराठीतून देता येणारी. त्यातील निम्मे गुण बुद्धिमापनाचे, उरलेले अंकगणिताचे व भाषेचे. निवास, भोजन, पुस्तके यांचा भार पालकांवर पडत नाही. नववीपासून काही विद्यार्थ्यांना थोडे शुल्क असते, तेही मुलींना माफ.

हे झाले मिळणारे. आता द्यावे लागणारे. दहा-अकरा वर्षांचे लेकरू घर सोडते. पुढील इयत्तांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी परप्रांतातील विद्यालयात पाठवण्याची योजना आहे. देशाची ओळख होण्याच्या दृष्टीने ती स्तुत्य आहे; परंतु मुलाच्या मनाची तयारी नसेल तर तेच वर्ष जड जाते.

सैनिक शाळेची वाट निराळी. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी घडवणे हे तिचे उद्दिष्ट. मैदानाची ओढ आणि शिस्तीची आवड असलेल्या मुलासाठी ती उत्तम. केवळ गणवेशाच्या रुबाबावर भाळून जाण्याची ती जागा नव्हे. तेथील शुल्कही लक्षणीय असते. शासकीय शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचे नियम अर्जापूर्वीच समजून घ्यावेत.

तिसऱ्या वाटेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. ती आहे गावातल्या शाळेची. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वा अनुदानित शाळेत आठवीत शिकणाऱ्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात; मात्र अभ्यासात सातत्य ठेवावे लागते. नवोदय किंवा सैनिक शाळेसारख्या निवासी विद्यालयातील विद्यार्थी तिला पात्र नसतो. म्हणजेच गावात राहून शिकणाऱ्यासाठीच हा आधार उभा केला आहे. तो असताना गावच्या शाळेत राहणे म्हणजे मागे पडणे, असे कोणी का समजावे?

खरा धोका येथेच आहे. पन्नास मुले परीक्षेला बसतात, एक-दोघांची निवड होते, आणि उरलेल्यांच्या कपाळी अकराव्या वर्षीच अपयशाचा शिक्का बसतो. नवोदयची सहावीची परीक्षा एकदाच देता येते, त्यामुळे ताण अधिक. वस्तुतः रिक्त जागांसाठी नववीलाही परीक्षा होते. दार कायमचे बंद होत नाही. हे किती घरांत मुलाला सांगितले जाते? सूप हे धान्य पाखडण्यासाठी असते. लेकरे पाखडण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट. मुलाची निवड झाली की पेढे वाटले जातात. मुलीची झाली की 'एवढ्या लहान पोरीला कसे पाठवायचे' ही चिंता पुढे येते. चिंता स्वाभाविक आहे, पण मोजमाप दोघांना एकच असावे. ती जाऊ इच्छित असेल, तर केवळ मुलगी म्हणून तिची वाट अडवू नये.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी एकदा टाकळीला जाऊन विद्यालय पाहावे. तेथील भोजनगृह, वसतिगृह मुलाला दाखवावे. परतीच्या वाटेवर त्याला विचारावे, 'बाळा, तुला येथे राहायला आवडेल का?' त्याचे उत्तर काहीही असो, ते मनापासून ऐकावे. निवड यादीत नाव येवो अथवा न येवो, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल ताठ मानेने शाळेत गेले पाहिजे. तेवढे सांभाळणे शिक्षकांच्या आणि आपल्या हाती आहे.