'काही' या शब्दाचे दोन अर्थ



शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करून घेताना एक शंका वारंवार पुढे येते. 'टोपलीतील सर्व आंबे पिकले आहेत' हे विधान सत्य मानल्यास 'काही आंबे पिकले आहेत' हे सत्य की असत्य? उत्तरसूचीत 'सत्य' असते. मुलगा विचारतो, 'सगळेच पिकले, तर काहीच कसे?'

व्यवहारात 'काही मुले आली' म्हटले, की उरलेली आली नाहीत असे आपण समजतो. तर्कशास्त्रात मात्र 'काही' म्हणजे 'निदान एक तरी'. 'सर्व नव्हेत' असे त्यात अभिप्रेत नसते. दहाही आंबे पिकले असतील, तर त्यांतील एक पिकलेला आहेच. म्हणून ते विधान सत्य. उलट, एक आंबा चाखून 'सर्व पिकले' असे मात्र म्हणता येणार नाही.

तेव्हा ही विसंगती प्रश्नातील नसून एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे भासते. अशा मुलास मंद समजू नये. त्याने व्यवहारातील भाषा बरोबरच ऐकलेली असते. आधी त्याचे कारण विचारावे, मग हा भेद फळ्यावर मांडावा. 'सूचीत तसेच आहे' एवढेच सांगितल्यास गुण कदाचित मिळतील, परंतु 'का?' असे विचारण्याची त्याची सवय मोडेल.