मामाचं लिव्हर आणि न लिहिलेला धूर

आज कोडिंगचं काही नाही, मामाबद्दल बोलायचंय.

मामा फायरमन होता, आता रिटायर झालाय. गेल्या वर्षी त्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड टू. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलं विचारलं, "किती घेता?" मामा माळकरी! "नाही हो" एवढंच म्हणाला. डॉक्टरांना ते पटलं नाही, हे मला आणि मामीलाही कळलं. काम काय करायचात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

२६ मे २०१६ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, तेव्हा मामा तिथे होता. कल्याणच्या आधारवाडी डंपिंगच्या आगी तर त्याने मोजल्याच नाहीत. कचरा आतल्या आत धुमसतो. प्लास्टिक, रबर, वायरी, सगळं अर्धवट जळतं आणि धुरात बेंझिनसारखी रसायनं येतात. ती श्वासातून जातात हे आपल्याला माहीत असतं. पण काजळी मानेवर, मनगटावर बसते आणि घामेजल्या कातडीतूनही आत शिरते. रक्तातलं बरंचसं विष मोडायचं काम लिव्हरचं, आणि मोडताना काही पदार्थ उलट जास्त घातक होतात.

मामा म्हणतो, "ज्वाळा असेपर्यंत बीए सेट लावायचो. ढिगारा उपसायला घेतला की काढायचो. उकडतं रे!" विषारी धूर तेव्हाही निघतच असतो.

आता खरं सांगतो, मामाचं लिव्हर धुरानेच बिघडलं असं मी म्हणू शकत नाही. त्याला शुगर आहे, पोटही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०२२मध्ये फायरमनचं काम तंबाखूच्याच गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलं. पण तिथे ठाम पुरावा आहे तो मूत्राशयाच्या कॅन्सरचा आणि मेसोथेलिओमाचा. लिव्हरचा नाही. मात्र अमेरिकेत विनाइल क्लोराइड हाताळणाऱ्या, लठ्ठ नसलेल्या कामगारांमध्ये दारूशिवाय लिव्हरला चरबी आणि सूज सापडलीय, आणि त्यातल्या बहुतेकांचे एसजीपीटीसारखे रिपोर्ट नॉर्मल होते. म्हणजे नुसत्या एलएफटीवर विसंबून चालत नाही.

माझी चिडचिड वेगळीच आहे. आमचा सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला तरी लॉग असतो. मामाने कुठल्या आगीत किती तास काय ओढलं, याचा एक कागद आमच्याकडे नाही. २०१८मध्ये कल्याणच्या विहिरीत विषारी वायूने दोन जवान गेले. ते त्याच दिवशी गेले, म्हणून मोजले गेले. वीस वर्षांनी आजारी पडणारा कुठे मोजायचा?

मग मी मामाला एक वही आणून दिली. साल, जागा, काय जळत होतं, बीए सेट होता की नाही. पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर ठेवायचीय. मामी त्याला तारखा आठवून देते. कुठल्या रात्री तो घरी आला नव्हता, हे तिला पक्कं माहितीय.